स्टेडियम शहराचे, दुरुस्ती करदात्यांची : क्लीव्हलँडच्या ‘पापकरा’ची चिकित्सा

प्रस्तावना

सार्वजनिक वास्तू उभारण्याविषयी जेवढी चर्चा होते तेवढी ती वास्तू टिकविण्याविषयी होत नाही. भूमिपूजनाची व उद्घाटनाची कोनशिला बसविली जाते; गळके छत दुरुस्त केल्याची कोनशिला कोठे पाहावयास मिळत नाही. सार्वजनिक आयव्ययशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही भांडवली खर्चाला स्वतंत्र प्रकरण मिळते आणि देखभाल खर्च बहुधा एका परिच्छेदात आटोपतो. वस्तुतः काँक्रीट, पोलाद, विद्युतयंत्रणा आणि मलनिस्सारण यांनी बनलेल्या कोणत्याही मोठ्या वास्तूचा आयुष्यभराचा खर्च हा तिच्या उभारणीच्या खर्चापेक्षा वेगळा आणि अधिक चिवट असतो. तो दरवर्षी येतो, वास्तूच्या वयाबरोबर वाढतो आणि राजकीयदृष्ट्या त्याचे श्रेय कोणासही मिळत नाही.

क्रीडा स्टेडियमच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. वास्तू नगराच्या मालकीची, तिचा वापर मात्र प्रामुख्याने खाजगी व्यावसायिक संघाकडून, अशी व्यवस्था अमेरिकेतील बहुसंख्य मोठ्या शहरांत रूढ आहे. अशा वास्तूच्या दुरुस्तीचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात आणि ते ज्या कायहोगा कौंटीत मोडते तेथे गेली साडेतीन दशके सतत उपस्थित होत राहिला आहे. विशेष म्हणजे तेथे तो केवळ सभागृहात सुटला नाही. १९९०, १९९५ आणि २०१४ अशा तीन वेळा तो थेट मतदारांपुढे ठेवण्यात आला आणि तिन्ही वेळा मतदारांनी कराच्या बाजूने कौल दिला. प्रस्तुत लेखात या कराचा, त्यामागील भाडेकरारांचा आणि त्याविषयी होणाऱ्या युक्तिवादांचा चिकित्सक विचार केला आहे. कर योग्य की अयोग्य एवढाच प्रश्न येथे अभिप्रेत नाही. मालकाची जबाबदारी शहराकडे आणि मालकाचे हक्क भाडेकरूकडे, अशी वाटणी कशी घडून आली, हा खरा विषय आहे.

रिकाम्या तिजोरीचा भाडेकरार

१९२८ मध्ये क्लीव्हलँडच्या मतदारांनी २५ लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मान्यता दिली आणि १९३१ मध्ये ईरी सरोवराच्या काठावर नगराचे स्वतःचे स्टेडियम उभे राहिले. सुमारे ७८,००० आसनांची ही वास्तू त्या काळातील प्रचंड वास्तूंपैकी एक होती. पुढे बेसबॉलचा आणि अमेरिकन फुटबॉलचा असे दोन्ही संघ तेथे खेळू लागले. सरोवरावरून येणारा बोचरा वारा, प्रेक्षकांच्या दृष्टीआड येणारे खांब आणि ओस पडलेली हजारो आसने यांची तक्रार मात्र पहिल्यापासूनच होती.

शहराची स्थिती या काळात झपाट्याने खालावली. १९५० मध्ये क्लीव्हलँडची लोकसंख्या ९,१४,८०८ होती; २०२० च्या जनगणनेत ती ३,७२,६२४ भरली. पोलाद व यंत्रनिर्मितीचे कारखाने बंद पडत गेले, सुस्थितीतील कुटुंबे उपनगरांत गेली आणि करदाते घटले. रस्ते, जलवाहिन्या व स्टेडियम मात्र तेवढ्याच आकाराचे राहिले. १५ डिसेंबर १९७८ रोजी शहराला बँकांची देणी चुकती करता आली नाहीत. १९३० च्या महामंदीनंतर अशा रीतीने थकबाकीदार ठरलेले ते अमेरिकेतील पहिले मोठे शहर होय.

या आर्थिक ओढगस्तीच्या पार्श्वभूमीवर १९७० च्या दशकात फुटबॉल संघाचे मालक आर्ट मॉडेल यांच्या कंपनीला स्टेडियम २५ वर्षांच्या कराराने चालविण्यास देण्यात आले. चालविण्याचा व दुरुस्तीचा खर्च मॉडेल यांनी करावा आणि वास्तूपासून मिळणारे उत्पन्न त्यांनी घ्यावे, असे या कराराचे स्वरूप होते. वरवर पाहता हा व्यवहार शहराच्या हिताचा होता व तो करणाऱ्यांना दोष देणे सोपे नाही. ज्या पालिकेला कर्जाचा हप्ता भरता येत नाही, तिने स्टेडियमच्या खुर्च्या रंगवाव्यात असे कोण म्हणेल? तथापि या करारामुळे एक गोष्ट घडली. वास्तूवर काय खर्च झाला, काय व्हावयास हवा होता आणि किती काम पुढे ढकलले गेले, याचे ज्ञान मालकाकडे राहिले नाही. ते भाडेकरूकडे गेले. पुढील सर्व वाटाघाटींत शहर या अज्ञानाची किंमत मोजत आले आहे.

कर आणि धमकी

१९९० च्या मे महिन्यात कायहोगा कौंटीत पहिले मतदान झाले. बेसबॉलसाठी नवे मैदान आणि बास्केटबॉलसाठी बंदिस्त क्रीडागार असा ‘गेटवे’ प्रकल्प शहराच्या मध्यभागी उभारण्यासाठी मद्य व सिगारेट यांवर १५ वर्षांसाठी कर बसवावा, असा प्रस्ताव होता. तेथील लोक या कराला ‘सिन टॅक्स’ म्हणतात. मराठीत त्यास ‘पापकर’ म्हणता येईल. सिगारेटच्या पाकिटावर साडेचार सेंट, बिअरच्या बाटलीवर सुमारे दीड सेंट, वाइनच्या बाटलीवर सुमारे सहा सेंट आणि तीव्र मद्यावर दर गॅलनमागे तीन डॉलर असे त्याचे दर आहेत. प्रस्ताव निसटत्या बहुमताने संमत झाला. लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की खुद्द क्लीव्हलँड शहरातील बहुसंख्य मतदारांनी त्याच्या विरोधात मत दिले होते; उपनगरांच्या मतांवर तो तरला. शहरातील गरिबाच्या सिगारेटवर कर बसावा हे उपनगरातील मतदाराने ठरविले, असे या निकालाचे वर्णन विरोधकांनी केल्यास त्यास सर्वस्वी अतिशयोक्ती म्हणता येणार नाही.

१९९४ मध्ये दोन्ही नव्या वास्तू खुल्या झाल्या. बेसबॉल संघ जुन्या स्टेडियममधून निघून गेला आणि त्याच्या सामन्यांपासून मॉडेल यांच्या कंपनीस मिळणारे उत्पन्न थांबले. जुन्या वास्तूच्या नूतनीकरणासाठी पापकराची मुदत १० वर्षांनी वाढवावी, हा प्रस्ताव ७ नोव्हेंबर १९९५ रोजी मतदानास यावयाचा होता. त्याच्या आदल्याच दिवशी, ६ नोव्हेंबरला, मॉडेल यांनी आपला संघ मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहरात नेत असल्याचे जाहीर केले. तेथे सरकारी पैशातून नवे स्टेडियम बांधून देण्याचे आश्वासन त्यांना मिळाले होते. दुसऱ्या दिवशी क्लीव्हलँडच्या मतदारांनी काय करावे? सुमारे ७२ टक्के मतदारांनी करवाढीच्या मुदतीस होकार दिला.

हे मतदान अर्थशास्त्राच्या चौकटीत बसविणे कठीण आहे. संघ निघून गेला असता त्याच्या घरासाठी कर देण्यास लोक तयार झाले, हे केवळ अज्ञानामुळे घडले असे मानणे म्हणजे त्या मतदारांचा अवमान होईल. कारखाने गेले, शेजारी गेले, आता रविवारचा सामनाही जाणार, या भावनेतून दिलेले ते मत होते. मराठी वाचकास गावच्या जत्रेचे किंवा कुस्तीच्या आखाड्याचे उदाहरण घेऊन ही भावना सहज समजू शकेल. कोल्हापुरात खासबाग मैदानाची देखभाल आर्थिक विकासदर वाढतो म्हणून करावी, असे कोणी म्हणत नाही. परंतु हाच युक्तिवाद स्वीकारला, तर मग त्यातून आणखी एक प्रश्न निघतो : खासबागेतील कुस्ती जशी आखाड्याबरोबर बांधलेली असते, तशी क्लीव्हलँडमधील फुटबॉल स्टेडियमशी बांधलेली होती काय? ती नव्हती, हे ६ नोव्हेंबरने दाखवून दिले. वास्तू स्थावर आणि संघ जंगम, ही या व्यवस्थेतील मूलभूत विसंगती होय.

पुढे तडजोड झाली. संघाचे नाव, रंग व इतिहास क्लीव्हलँडमध्येच राहील आणि १९९९ पर्यंत शहरास नवा संघ मिळेल, असे १९९६ मध्ये ठरले. जुने स्टेडियम पाडण्यात आले व त्याचे दगडगोटे ईरी सरोवरात माशांसाठी कृत्रिम खडक म्हणून टाकण्यात आले. त्याच जागी शहराच्या मालकीचे नवे स्टेडियम १९९९ मध्ये खुले झाले. त्याचा भाडेकरार ३० वर्षांचा, भाडे वर्षाला अडीच लाख डॉलर आणि मोठ्या भांडवली दुरुस्त्यांची जबाबदारी शहराची. ओहायो राज्याने १९९६ मध्ये एक कायदाही केला. करदात्यांच्या पैशातून मदत मिळालेल्या स्टेडियममधून संघ हलवावयाचा असल्यास मालकाने सहा महिने आधी सूचना द्यावी व स्थानिकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी, असे त्यात म्हटले होते. लोक त्यास ‘मॉडेल कायदा’च म्हणतात.

पापकराचे अंतर्गत द्वंद्व

करआकारणीची दोन तत्त्वे सर्वपरिचित आहेत. लाभतत्त्वानुसार ज्याला सेवेचा लाभ मिळतो त्याने कर द्यावा. करदेय क्षमतेच्या तत्त्वानुसार ज्याची ऐपत अधिक त्याने अधिक द्यावा. पापकर या दोहोंपैकी एकाही कसोटीस उतरत नाही. सिगारेट ओढणारा व सामना पाहणारा या दोन व्यक्ती एक असण्याचे कारण नाही. अमेरिकेत धूम्रपानाचे प्रमाण कमी उत्पन्नगटांत अधिक आहे, तर व्यावसायिक सामन्यांची तिकिटे घेणारा वर्ग तुलनेने सुस्थितीतील असतो. शेजारच्या कौंटीत राहून, तेथेच मद्य खरेदी करून, रविवारी मोटारीने सामन्यास येणारा प्रेक्षक या करातून जवळजवळ पूर्णतः सुटतो.

यावर असे उत्तर दिले जाते, की मद्य व तंबाखू यांवरील कर हा मुळातच हानिकारक उपभोग आवरण्यासाठी असतो. त्यातून पैसा मिळाला तर तो अधिकचा लाभ. हे उत्तर तपासून पाहिल्यास त्यातील अंतर्विरोध स्पष्ट होतो. साडेचार सेंटच्या कराने कोणीही सिगारेट सोडणार नाही. लोकांनी ती अन्य कारणांनी सोडली, तर दुरुस्तीचा निधी आटतो. म्हणजे आरोग्य खात्याला यश येईल त्या प्रमाणात छप्पर गळेल! शिवाय हा कर किमतीच्या टक्केवारीने नव्हे, तर नगावर आकारला जातो. १९९० मध्ये जो दर होता तोच २०१४ मध्ये पुढील २० वर्षांसाठी कायम ठेवण्यात आला. मजुरी, पोलाद आणि विद्युतसाहित्य यांच्या किमती या काळात किती वाढल्या हे सांगावयास नको. वाढत्या खर्चासाठी घटत्या उत्पन्नाचा स्रोत बांधून देणे हा वित्तीय नियोजनातील प्राथमिक स्वरूपाचा दोष आहे.

येथे थोडे विषयांतर करून एक नोंद करणे आवश्यक वाटते. याच कायहोगा कौंटीत २००६ पासून कला व संस्कृतीसाठीही सिगारेटवर कर आहे. तो पाकिटामागे ३० सेंट होता आणि २०२४ च्या मतदानाने तो ७० सेंट झाला. म्हणजे वाद्यवृंद, संग्रहालये आणि स्टेडियम या तिन्हींचा भार एकाच घटत्या समूहाच्या खिशावर आहे. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण या ठिकाणी शब्दशः लागू पडते.

६ मे २०१४ रोजी झालेल्या मतदानात सुमारे ५६ टक्के मतदारांनी पापकराची मुदत २०३५ पर्यंत वाढविली. त्यातून २० वर्षांत सुमारे २६ कोटी डॉलर मिळतील, असा अंदाज प्रचारात सांगण्यात आला होता. म्हणजे वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख आणि ते तीन वास्तूंत वाटावयाचे. हा आकडा मोठा वाटतो. परंतु त्याच्या शेजारी दुसरे काही आकडे ठेवून पाहावेत. फुटबॉल स्टेडियमच्या सुमारे १२ कोटी डॉलरच्या नूतनीकरणासाठी शहराने २०१३ मध्येच १५ वर्षे दरवर्षी २० लाख डॉलर आपल्या सर्वसाधारण निधीतून देण्याचे मान्य केले होते. २०१७ मध्ये बास्केटबॉल क्रीडागाराचे १४ कोटींचे नूतनीकरण ठरले. २०२१ मध्ये बेसबॉल मैदानाचा ४३ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाला आणि त्यातील मोठा वाटा सार्वजनिक निधीचा आहे. पापकर ही या खर्चाची मर्यादा ठरेल, अशी मतदाराची समजूत असणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात तो केवळ पहिला हप्ता ठरला.

‘दुरुस्ती’ म्हणजे काय?

सर्व वादाचे मूळ एका शब्दाच्या व्याख्येत आहे. गेटवेच्या दोन वास्तूंसाठी २००४ मध्ये करार नव्याने लिहिण्यात आले. नित्याचा देखभाल खर्च संघांनी करावा आणि ५ लाख डॉलरहून अधिक किमतीची मोठी भांडवली दुरुस्ती सार्वजनिक मालकाने करावी, अशी वाटणी त्यात झाली. ही सीमारेषा कागदावर रास्त दिसते. जबाबदार भाडेकरूने दिवे बदलावेत, घरमालकाने भिंत बांधावी, असा व्यवहार आपल्याकडेही आहे. परंतु अशा सीमारेषेचे वर्तनावर काही परिणाम होतात आणि त्यांची चर्चा फारशी होत नाही. छोटी दुरुस्ती वेळेवर केली तर खर्च भाडेकरूचा. ती लांबवून मोठी होऊ दिली तर खर्च मालकाचा. सर्वच संघ असे हेतुपूर्वक करतात असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र कराराने जी दिशा दाखविली आहे ती हीच आहे.

याहून गंभीर बाब म्हणजे दुरुस्ती आणि सुधारणा यांतील फरक पुसला जाणे. गंजलेली तुळई बदलणे ही दुरुस्ती होय. धावफलक चालू असताना त्याहून प्रचंड चित्रफलक बसविणे, ही सुधारणा होय. तिच्यावरील जाहिरातींचे उत्पन्न संघास मिळते. पापकराच्या निधीतून दोन्ही प्रकारची कामे झाली आहेत. ओहायोतीलच सिनसिनाटी शहराचा अनुभव तर अधिक बोलका आहे. तेथे हॅमिल्टन कौंटीने १९९६ मध्ये अर्धा टक्का विक्रीकर वाढवून दोन स्टेडियम उभारली. फुटबॉल संघाबरोबरच्या करारात, अन्य स्टेडियममध्ये जी नवी साधने येतील ती कौंटीने पुरवावीत, असे कलम होते आणि भविष्यातील त्रिमित प्रतिमा दाखविणाऱ्या यंत्रांचाही त्यात उल्लेख होता. जे यंत्र अद्याप बाजारात आलेले नाही त्याच्या खरेदीची हमी करदात्याने दिली, असा त्याचा अर्थ होतो. त्या कौंटीतील घरमालकांना मतदानापूर्वी मालमत्ताकरात सवलतीचे आश्वासन देण्यात आले होते. निधी अपुरा पडू लागल्यावर त्या सवलतीस कात्री लागली.

भाडे एवढे अल्प का, हा प्रश्न या संदर्भात साहजिकच उद्भवतो. त्याचे एक कारण केंद्रीय करकायद्यात आहे. १९८६ च्या अमेरिकन करसुधारणा कायद्यानुसार, खाजगी वापराच्या वास्तूसाठी काढलेल्या रोख्यांच्या परतफेडीत खाजगी उत्पन्नाचा वाटा १० टक्क्यांहून अधिक असेल, तर त्या रोख्यांवरील व्याजाची करमुक्ती जाते. स्टेडियमला मिळणारी अशी सवलत बंद व्हावी, हा कायदा करणाऱ्यांचा हेतू होता. घडले उलटेच. व्याजाची करमुक्ती टिकविण्यासाठी शहरांनी संघाकडून घेतले जाणारे भाडेच कमी ठेवले आणि परतफेड सर्वसामान्य करांवर टाकली. सवलत रोखणाऱ्या कलमानेच सवलतीचे प्रमाण वाढविले, याचे यापेक्षा चांगले उदाहरण विद्यार्थ्यांपुढे ठेवता येणार नाही.

पुरस्कर्ते, विरोधक आणि सुटलेला मुद्दा

स्टेडियममुळे रोजगार वाढतो, हॉटेल व्यवसाय भरभराटीस येतो व शहराचा मध्यभाग पुनरुज्जीवित होतो, असे पुरस्कर्ते सांगतात. रॉजर नॉल व अँड्र्यू झिंबॅलिस्ट यांनी संपादित केलेला ‘स्पोर्ट्स, जॉब्स अँड टॅक्सेस’ हा ग्रंथ १९९७ मध्ये ब्रुकिंग्ज संस्थेने प्रसिद्ध केला, तेव्हापासून या दाव्याची बरीच तपासणी झाली आहे. ब्रॅडबरी, कोट्स व हम्फ्रीज या तीन अर्थतज्ज्ञांनी अलीकडच्या काळात घेतलेल्या विस्तृत आढाव्याचाही निष्कर्ष असाच आहे, की स्थानिक अर्थव्यवस्थेवरील परिणाम सार्वजनिक खर्चाच्या तुलनेत नगण्य असतो. कारण सोपे आहे. सामन्याच्या तिकिटावर खर्च झालेला डॉलर बहुधा त्याच शहरातील चित्रपटगृहातून वा उपाहारगृहातून वळविलेला असतो.

हा निष्कर्ष मान्य करूनही असे म्हणावे लागते, की विरोधकांचा युक्तिवाद देखभालीच्या प्रश्नाला पुरता भिडत नाही. ‘धनाढ्य मालकांना एक पैसाही देऊ नये’ ही घोषणा स्टेडियम बांधण्यापूर्वी अर्थपूर्ण असते. वास्तू उभी राहिल्यावर आणि दुरुस्तीची हमी करारात लिहिली गेल्यावर, ती न करणे हा करारभंग ठरतो. २०१४ मध्ये कर नाकारला गेला असता तरी देणे संपले नसते. ते शहराच्या व कौंटीच्या सर्वसाधारण निधीवर, म्हणजे पोलीस, अग्निशमन, उद्याने व आरोग्य यांच्या वाट्यावर येऊन पडले असते. या दृष्टीने ‘नाही’ म्हणणाऱ्यांनी सुचविलेला तिकिटावरील अधिभाराचा पर्याय अधिक विचारणीय होता. तो लाभतत्त्वाशी सुसंगत आहे. तो संघमालकांना रुचत नाही, याचे कारण अर्थशास्त्राच्या प्राथमिक सिद्धांतात आहे : तिकिटाची किंमत जर आधीच प्रेक्षक जास्तीत जास्त जितके देईल तितकी ठेवलेली असेल, तर त्यावरील अधिभार बव्हंशी मालकाच्या नफ्यातून जातो. सिगारेटवरील कर मात्र त्याच्या नफ्यास स्पर्शही करीत नाही. कोणता कर निवडला जातो यावरून वाटाघाटीत कोण बलवान होते हे कळते.

२०१७ मधील एक प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. बास्केटबॉल क्रीडागाराच्या नूतनीकरणास नगरपरिषदेने मान्यता दिल्यावर क्लीव्हलँडमधील धर्मसभांच्या एका संघटनेने सार्वमताची मागणी करीत २०,००० हून अधिक सह्या गोळा केल्या. परिषदेने सह्या स्वीकारण्यासच नकार दिला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायालयाने सह्या स्वीकारण्याचा आदेश दिला. संघमालकाने प्रकल्पातून माघार घेत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, मानसिक आरोग्यकेंद्राबाबत कौंटीकडून आश्वासन मिळाल्यावर, संघटनेने अर्ज मागे घेतला आणि प्रकल्प पुन्हा मार्गी लागला. या संघटनेवर तडजोडवादाचा ठपका ठेवण्यात आला. परंतु तिने जे मिळविले त्याचे स्वरूप पाहावे : स्टेडियमवरील खर्च आणि मनोरुग्णांवरील खर्च हे एकाच तिजोरीतून होतात, ही बाब तिने प्रथमच एका टेबलावर आणली. अर्थतज्ज्ञांच्या शोधनिबंधांना जे साधले नव्हते ते सह्यांच्या गठ्ठ्यांना साधले.

पुण्यातील नेहरू स्टेडियमचे उदाहरण

मराठी वाचकाच्या परिचयाचे उदाहरण या ठिकाणी तुलनेसाठी घेता येईल. पुण्यात स्वारगेटजवळील नेहरू स्टेडियम महापालिकेच्या मालकीचे आहे. १९८४ ते २००५ या काळात तेथे आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामने झाले. १९९६ च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजचा पराभव केला तो याच मैदानावर. महापालिका आणि महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन यांच्यात तिकिटांच्या वाटपावरून वाद होत राहिले आणि असोसिएशनने द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे स्वतःचे स्टेडियम उभारले. ते २०१२ मध्ये खुले झाले. मुंबईत ब्रेबॉर्नवरून वानखेडेकडे झालेले स्थलांतरही आसनांच्या वादातूनच झाले होते, हे सर्वज्ञात आहे.

भाडेकरू निघून जाण्याची घटना दोन्हीकडे सारखी. तिचे परिणाम मात्र भिन्न झाले. पुण्यात संघटनेने आपले घर आपल्या जबाबदारीवर बांधले. महापालिकेकडे एक जुने स्टेडियम उरले, पण कोणत्याही व्यावसायिक संघाच्या यंत्रखरेदीची हमी उरली नाही. या अर्थाने पुणेकर करदाता क्लीव्हलँडच्या करदात्यापेक्षा सुदैवी म्हणावा लागेल. परंतु दुसऱ्या एका अर्थाने तो अधिक दुबळा आहे. क्लीव्हलँडच्या मतदाराला तीन वेळा मतपत्रिकेवर विचारण्यात आले. आपल्याकडे स्टेडियमच्या देखभालीचा खर्च अंदाजपत्रकातील एका शीर्षाखाली येतो आणि स्थायी समितीत संमत होतो. पुण्यात २०१३ मध्ये जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला व २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाई अनुदानावर बऱ्याच अंशी अवलंबून राहिली. त्यामुळे कोणाचा रुपया कोणत्या दुरुस्तीस लागला, हे सांगणे अधिकच दुरापास्त झाले. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तेथे प्रशासक नेमण्यात आला व निवडणूक लांबत गेली. त्या काळात स्थायी समितीतील लोकप्रतिनिधींची चर्चाही नव्हती. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे या नागरी सोयींचा उल्लेख आहे. क्रीडांगण म्हणजे मुलांनी खेळावयाची जागा की प्रेक्षकांनी तिकीट काढून बसावयाची जागा, याचा निर्णय अनुसूची करीत नाही. तो प्रत्येक अंदाजपत्रकात न बोलता केला जातो.

ब्रूक पार्क

क्लीव्हलँडच्या फुटबॉल संघाचे सध्याचे मालक हॅस्लम कुटुंब यांनी २०२४ मध्ये सरोवराकाठचे स्टेडियम सोडून ब्रूक पार्क या उपनगरात छताखालील नवे स्टेडियम बांधण्याचा मनोदय जाहीर केला. शहराने मॉडेल कायद्याचा आधार घेतला. संघ त्याविरुद्ध न्यायालयात गेला. २०२५ च्या अर्थसंकल्पातून ओहायो राज्याने नव्या स्टेडियमसाठी ६० कोटी डॉलर दिले आणि ते बँकांत व अन्यत्र पडून राहिलेल्या, मालकांनी न मागितलेल्या रकमांतून. या तरतुदीस न्यायालयात आव्हान देण्यात आले. त्याच अर्थसंकल्पात मॉडेल कायद्यात बदल करून त्याची व्याप्ती राज्याबाहेर जाणाऱ्या संघांपुरती मर्यादित करण्यात आली. एका संघाच्या स्थलांतरातून जन्मलेला कायदा त्याच संघाच्या दुसऱ्या स्थलांतरासाठी वाकविण्यात आला, हा योगायोग नव्हे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर आणि संघमालक यांच्यात समझोता झाला. जुने स्टेडियम पाडण्याचा खर्च धरून सुमारे १० कोटी डॉलरचा मोबदला शहरास मिळावयाचा आहे व त्या बदल्यात शहराने आपले दावे मागे घेतले. संघाचा भाडेकरार २०२८ च्या हंगामानंतर संपतो. २०१४ च्या मतदानानुसार पापकर २०३५ पर्यंत गोळा होत राहावयाचा आहे. ज्या तीन वास्तूंच्या दुरुस्तीसाठी तो मागण्यात आला होता, त्यांपैकी एक तोपर्यंत उभी नसेल.